उंबरठ्यावरची प्रार्थना

प्रिय चिऊ,

सलाम. तू हॅलिफॅक्सच्या वसतिगृहात राहायला गेल्याला आज अकरा दिवस झाले. तुला सोडायला येताना, न्यू ब्रन्सविकमधून गाडी जात असताना, तू मागून मला एक प्रश्न विचारला होतास आणि मी "नंतर बोलू" असे म्हणून खिडकीबाहेर पाहत राहिले होते. बाबांनी रेडिओ लावला आणि विषय तिथेच राहिला. या अकरा दिवसांत तो प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही, म्हणून हे पत्र. माझे मराठी कुठे जड वाटले तर सावकाश वाच. हे मला इंग्रजीत लिहिता येणार नाही.

तू म्हणाली होतीस, "आई, निघायच्या पाच मिनिटे आधी तू गाडीच्या टपावरच्या पेटीची किल्ली सापडत नाही म्हणून बाबांवर आणि माझ्यावर ओरडत होतीस. मग एकदम सगळ्यांना दारात उभे केलेस, डोळे मिटलेस आणि प्रार्थना सुरू केलीस. प्रार्थना केली नाही तर अपघात होईल असे तुला वाटते का? हा विश्वास आहे की भीती?"

तुझा प्रश्न मला लागला, कारण तू पाहिलेस ते खरे होते. मी ओरडले होते. माझा आवाज पुरता खाली येण्याआधीच मी "हे स्वर्गीय बापा" असे म्हणाले होते. ते तुला खोटे वाटले असेल तर त्यात तुझी चूक नाही.

आमच्या नगरच्या घरी (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण माझ्या तोंडी नगरच येते) कुणीही गावाला निघाले की ठरलेला क्रम असे. बॅगा उंबरठ्याशी आणून ठेवायच्या, पायांत चपला घालण्यापूर्वी सगळ्यांनी उभे राहायचे, तुझ्या आजोबांनी, म्हणजे दादांनी, १२१ वे स्तोत्र वाचायचे आणि मग प्रार्थना करायची. यरुशलेमेला सणासाठी चढून जाणारे यात्रेकरू जी पंधरा स्तोत्रे म्हणत, १२० पासून १३४ पर्यंतची, त्यांतले हे दुसरे. वाटेवरच्या माणसांनी वाटेवर म्हणायचे ते गाणे आहे. त्याच्या शेवटी परमेश्वर तुझे जाणे आणि तुझे येणे दोन्ही राखील, असे वचन आहे. दादा तिथे आले की किंचित थांबत आणि 'येणे' या शब्दावर जोर देत. आपल्याकडे घरातून निघताना "जाते" म्हणत नाहीत, "येते" म्हणतात, हे तुला ठाऊक आहेच. लहानपणी मला वाटे की हा नियम त्या स्तोत्रातूनच आला असावा, आणि शेजारच्या काकू स्तोत्र न वाचताही "येते" कशा म्हणतात याचे मला नवल वाटत असे.

त्याच काकू आपल्या मुलाला परीक्षेला पाठवताना त्याच्या तळहातावर दही घालत. एकदा मी माईला, माझ्या आजीला, विचारले की आपण दही का देत नाही. माई म्हणाली, "आपण वचन देतो." पुढे मोठी झाल्यावर मला असे वाटू लागले की माईच्या आईने, म्हणजे आमच्या घराण्यात सर्वांत आधी बाप्तिस्मा घेतलेल्या बाईने, दह्याच्या जागी स्तोत्र ठेवले असावे आणि उंबरठा तोच ठेवला असावा. याची मला लाज वाटत नाही. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, नगरला आणि राहुरीला राहिले, आणि त्यांनी आमच्या उपासनेला अभंगाची चाल दिली. परदेशी सुरांत गाणाऱ्या मंडळीला त्यांनी टाळ आणि आपली भाषा परत मिळवून दिली. माझ्या पणजीला लिहिता-वाचता येत नव्हते, परंतु तिनेही आपल्या परीने तेच केले, असे मला वाटते. तरीही तुझ्या प्रश्नानंतर मनात येते, की दह्यासोबत दह्यामागची भीतीही आमच्याकडे आली असेल काय? हे मला नाकारता येत नाही.

माई नेवासे तालुक्यातल्या एका खेड्यातली. ती सांगत असे की तिचे आईवडील ख्रिस्ती झाले तेव्हा गावात त्यांचे बरेच काही तुटले. बलुते थांबले, आणि स्वतःच्या भाऊबंदांनी जेवायला बोलावणे बंद केले. अशा वेळी जो माणूस घरातून बाहेर पडतो, त्याला परत आल्यावर घर असेल की नाही याची खात्री नसते. दारात उभे राहून देवाचे नाव घेण्याची रीत त्यांनी तेव्हा धरली, असे माई म्हणायची. ते अगदी तसेच घडले का, हे आता विचारायला कुणी उरलेले नाही. माईने मात्र ती रीत कधी सोडली नाही. १९७२ च्या दुष्काळात ती सरकारी कामावर खडी फोडायला जात असे, तेव्हाही पहाटे हातोडी टोपलीत ठेवून ती दारात उभी राही. कामावर सुकडी मिळे. ती पदरात बांधून संध्याकाळी घरी येई. मी दोन वर्षांनंतर जन्मले, पण ती सुकडी कशी लागत असे हे माईने इतक्या वेळा सांगितले आहे की मलाच ती आठवते, असे वाटते.

दादा आणि माई, दोघांच्या प्रार्थना मी लहानपणी ऐकल्या आणि त्या अगदी वेगळ्या होत्या. दादा शाळामास्तर होते. त्यांची प्रार्थना पवित्र शास्त्राच्या भाषेत असे, पाळकसाहेबांसारखी. तीत आधी उपकारस्तुती, मग पापांची कबुली, मग आजारी, विधवा, राज्यकर्ते आणि सर्वांत शेवटी प्रवासाला निघालेला माणूस. त्या अवधीत पुण्याची यष्टी स्टँडवरून निघूनही जात असे. माईची प्रार्थना स्वयंपाकघरात चाले, डोळे उघडे ठेवून, हातातले काम न थांबवता. स्टोव्हला पिन मारूनही ज्योत धरत नसली, नळाला दिवसाआड येणारे पाणी त्या दिवशीही आले नाही, रेशनच्या रांगेत दोन तास उभे राहून रॉकेल संपल्याचे कळले, की ती म्हणे, "बघ बापा, बघतोस ना?" दादांना ते आवडत नसे. देवाशी असे भांडू नये, असे ते म्हणत. माई उत्तर देत नसे. परंतु १३ वे स्तोत्र तिला तोंडपाठ होते, आणि ज्या स्तोत्राच्या आरंभीच "कोठवर? कोठवर?" असा प्रश्न देवाला पुन्हा पुन्हा विचारलेला आहे, ते पाठ असलेल्या बाईला कुणाचीही परवानगी लागत नव्हती.

त्या दिवशी किल्ली सापडत नव्हती तेव्हा मी माईसारखी ओरडले आणि दारात आल्यावर दादांसारखी प्रार्थना केली. तुला त्या दोघांमध्ये जी फट दिसली ती माझ्यात लहानपणापासून आहे. मी माईचा शब्द उंबरठ्यापर्यंत नेला असता, "बापा, माझी मुलगी दूर चालली आहे, मला ते सहन होत नाही, आणि त्यात ही किल्लीही सापडत नाही," असे तुमच्यासमोर म्हटले असते, तर तुला तो प्रश्न कदाचित पडला नसता. मला ते म्हणायचे होते. माझ्या तोंडून दादांची शिकवलेली वाक्ये बाहेर आली.

आता अपघाताविषयी. तुझ्या मामाची ती हकिकत तुला अर्धीच ठाऊक आहे. १९९३ साली तो चिंचवडला कारखान्यात लागला होता आणि दर रविवारी संध्याकाळी मोटारसायकलवरून परत जात असे. एका रविवारी आम्ही नेहमीसारखे दारात उभे राहिलो, दादांनी स्तोत्र वाचले, प्रार्थना केली आणि तो निघाला. सुप्याच्या पुढे समोरून येणाऱ्या जीपने त्याला उडवले. पाय दोन ठिकाणी मोडला, साडेतीन महिने तो अंथरुणावर होता, आणि आजही थंडीत तो लंगडतो हे तू पाहिले आहेस. बरा होऊन पुन्हा कामावर निघाला त्या दिवशी दादा पवित्र शास्त्र घेऊन दाराशी आले, तेव्हा मामा म्हणाला, "दादा, आज नको." घरात कुणी काही बोलले नाही. मला वाटले होते की दादा त्याला समजावतील. देवाची योजना, परीक्षा, अशा कुठल्यातरी शब्दांनी. त्यांनी शास्त्र मिटून बगलेत धरले, आत गेले आणि कागदात गुंडाळलेले नवे हेल्मेट आणून त्याच्या हातात दिले. ते त्यांनी कधी विकत घेतले होते हे आईलाही ठाऊक नव्हते. त्यानंतर जवळपास वर्षभर दर रविवारी मामा निघताना दादा त्याच्याबरोबर दाराशी येऊन नुसते उभे राहत, शास्त्र न उघडता. एका रविवारी मामानेच "वाचा ना," असे म्हटले आणि दादांनी वाचले. त्याचे मन मधल्या काळात कसे बदलले ते त्याने कधी सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

म्हणून तुझ्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर मी देऊ शकते. प्रार्थना केली की अपघात होत नाही, असे मी मानत नाही. एकोणीस वर्षांची असतानाच ते माझ्या घरात खोटे ठरले होते. दुसरा भाग कठीण आहे. भीती आहे. तू सुमारे १,८०० किलोमीटर दूर राहणार, तिथल्या हिवाळ्यात एकटी बसची वाट पाहणार, आजारी पडलीस तर तुझ्या कपाळावर कोण हात ठेवणार, हे सारे त्या दिवशी माझ्या पोटात होते आणि किल्ली हे केवळ ओरडण्याचे निमित्त होते. विश्वास हा भीती संपल्यावर सुरू होतो असे मला कुणी शिकवले नाही. माईच्या दारात दोन्ही एकत्रच उभे असायचे. यात मी माझी समजूत घालून घेत आहे का, याचीही मला खात्री नाही. असेलही.

२००१ साली मी इकडे कॅनडात यायला निघाले तेव्हाचे तुला सांगितले पाहिजे. माई तेव्हा नव्हती. मुंबईचे विमान पहाटेचे होते, भाड्याची गाडी दुपारी दाराशी उभी होती, आणि दोन दिवस घरात सतत काहीतरी बिनसत होते. एक बॅग वजनाला जास्त भरली, लोणच्याची बरणी फुटली, आणि एका कागदावरच्या शिक्क्यासाठी मामाला तीनदा कचेरीत जावे लागले. आई आणि मी कडाकडा भांडलो. मग सगळे दारात उभे राहिलो. गाडीवाला घाई करत होता आणि दादा लांबलचक प्रार्थना करणार म्हणून मी मनातून चिडले होते, हे मी तुला आज प्रथमच सांगत आहे. दादांनी स्तोत्र वाचले नाही. त्यांनी प्रभूची प्रार्थना सुरू केली, "आमची रोजची भाकर" इथपर्यंत आले आणि थांबले. ज्या माणसाला प्रार्थनेत कधी शब्द कमी पडले नव्हते, त्याला बालवाडीतल्या मुलांनाही पाठ असलेली ओळ पुरी करता आली नाही. पुढची वाक्ये आईने म्हटली. तोवर माझी चीड कुठे गेली ते मला कळले नाही. आमच्या घरात एकमेकांना "मला तुझी आठवण येईल" असे म्हणण्याची पद्धत नव्हती. बाप मुलीला कवेत घेत नसे. तेवढे एक दार होते, जिथे देवाशी बोलता बोलता माणसे एकमेकांना ऐकू जाईल असे काही सांगू शकत. इतकी वर्षे मी ही रीत इथे धरून ठेवली, त्यामागे बहुधा हेच कारण असावे.

तुझ्या पिढीला ते थेट बोलता येते. तू मला "आई, आय लव्ह यू" असे रोज म्हणतेस आणि मी अजूनही "हो, हो" असे म्हणून फोन ठेवते. त्यामुळे तुला तशा दाराची गरज नसेल. वसतिगृहाच्या खोलीतून बाहेर पडताना तू थांबावेस, स्तोत्र वाचावेस, अशी माझी अपेक्षा नाही, आणि मी फोनवर त्याची चौकशी करणार नाही. करू लागलेच, तर मला थांबव. तुझ्या बॅगेत कपड्यांच्या खाली जे छोटे मराठी पवित्र शास्त्र सापडेल ते दादांचे आहे; मी तुला न विचारता ठेवले, त्याबद्दल क्षमा कर. ते वाचण्यासाठी म्हणून ठेवलेले नाही, जवळ असावे म्हणून ठेवले. १२१ व्या स्तोत्राच्या पानावर तेलाचा एक डाग आहे, तो माईच्या बोटांचा आहे असे दादा म्हणत.

किल्ली माझ्या हिवाळी कोटाच्या आतल्या खिशात सापडली. बाबांची मी क्षमा मागितली आहे. तुझीही मागते.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी इथली उपकारस्तुतीची सुट्टी आहे. तुझे तिकीट बाबांनी पाहून ठेवले आहे. चार दिवस राहून तू परत निघशील तेव्हा दारात उभे राहायचे की नाही, कुणी काय म्हणायचे, की नुसतेच उभे राहायचे, हे त्या दिवशी तू ठरव. मी बॅगेपाशी असेन.

तुझी,
आई