शब्दकोडी आणि खेळ घेतले तर मुलांच्या शब्दांची खरंच उजळणी होते का?

तुमचा प्रश्न असा आहे : सहावी-सातवीच्या मुलांकडून पुस्तकातले नवे शब्द अर्थांसह पाठ करून घेतले तरी आठवड्यात विसरतात, मग शब्दकोडी आणि खेळ घेऊन काही फायदा होईल, की तास वाया जाईल?

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात मराठी शिकवते. फायदा होतो, आणि चांगला होतो. अट एकच, मुलाला शब्द स्वतःच्या डोक्यातून काढावा लागला पाहिजे. समोर लिहिलेला शब्द नुसता हुडकायचा असेल तर हाती काही लागत नाही.

हे मला चुकूनच कळलं. सुरुवातीच्या वर्षी मी अक्षरांच्या जाळ्यात लपलेले शब्द शोधायचा कागद वाटला होता. बारा शब्द होते. दहा मिनिटांत सगळ्यांचे गोल करून झाले, मुलं खूश, मीही खूश. दुसऱ्या दिवशी ज्या मुलीने सगळ्यात आधी कागद दिला होता तिला विचारलं, ‘मुबलक’ म्हणजे काय? ती गप्प. तिने मु-ब-ल-क ही अक्षरं डोळ्यांनी टिपली होती, शब्दाशी तिची गाठच पडली नव्हती. तेव्हापासून असं जाळं मी फक्त लहान वर्गांना अक्षरओळखीसाठी देते.

आठवून काढण्यानेच शब्द पक्का होतो. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने तपासलं तेव्हा आठवून लिहिणारे. तिथे शब्द नव्हते, उतारे होते, पण माझ्या वर्गात शब्दांचंही हेच दिसतं. पाठ म्हणून घेतलं की त्या दिवशी सगळं येतं आणि आपली फसगत होते.

आता कोडं करायचं कसं, कारण मराठीत इथेच बरेच जण अडकतात. आडव्या-उभ्या शब्दांचं कोडं आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात पहिल्यांदा दिलं. ते इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांवर बेतलेलं. आपल्याकडे एका चौकोनात कानामात्रेसकट अख्खं अक्षर बसतं, जोडाक्षरालाही एकच घर. ‘पऱ्हाटी’ म्हणजे तीन घरं : प, ऱ्हा, टी. त्यामुळे ‘पा’ची गाठ ‘पा’शीच पडते, ‘प’शी किंवा ‘पी’शी नाही. छत्तीस व्यंजनं आणि प्रत्येकाची बाराखडी धरली तर जोडाक्षरं सोडूनच चारशेच्या वर रूपं होतात. म्हणून वीस शब्द एकमेकांत गुंफायचा हट्ट धरू नका. सहा-सात गुंफले तरी पुष्कळ, उरलेले सुटे ठेवा. पहिलं कोडं मी मुद्दाम ओळखीच्या शब्दांचं देते. आडवा ‘कपाशी’, त्याच्या ‘पा’वरून खाली ‘पाऊस’, आणि पावसाच्या ‘स’वरून आडवी ‘सरकी’. एवढ्यात घरांची रीत कळते, मग पुस्तकातले शब्द.

सूत्र, म्हणजे शब्द ओळखायला दिलेला इशारा, मात्र शब्दकोशातलं नको. ‘विपुल’साठी ‘मुबलक’ लिहिलं तर एका अनोळखी शब्दाचे दोन झाले. आमच्या मुलांच्या घरी शेताला वावर म्हणतात, बांधाला धुरा, बैलगाडीला बंडी, कोथिंबिरीला सांबार. मी सूत्रात घरचा शब्द देते आणि चौकोनात पुस्तकातला मागते. पुढच्या आठवड्यात उलटं करते, पुस्तकातला देते आणि घरचा मागते. हे उलटं करणं मला फार महत्त्वाचं वाटतं. नाहीतर पोरांना वाटतं, आईचा शब्द चुकीचा आणि पुस्तकातला बरोबर.

खेळांचं म्हणाल, तर फळ्यावर रिकाम्या जागा काढून अक्षर ओळखायचा खेळ सगळीकडे चालतो, आणि चुकलं की फाशीचं चित्र पुढे सरकतं. ते चित्र मी काढत नाही. आमच्या भागात कोणत्या बाकावरच्या मुलाच्या घरात काय घडलंय हे मला ठाऊक आहे. मी माठ काढते, आत पाण्याच्या सहा रेघा. अक्षर चुकलं की एक रेघ पुसायची, माठ कोरडा पडायच्या आत शब्द यायला हवा. तुम्ही कुठेही शिकवत असलात तरी एवढं पाळा, ही माझी विनंती आहे.

शब्दसाखळीही चांगली, पण तिच्यात मुलं आधीपासून येणारेच शब्द काढतात. म्हणून चालू दोन धड्यांतला शब्द आला तर दोन गुण, आणि तो वाक्यात वापरून दाखवायचा. शेवटी ‘ळ’ किंवा ‘ण’ आला की साखळी तुटते, कारण त्यांनी सुरू होणारे शब्दच मराठीत नाहीत. तेव्हा आधीचं अक्षर घ्यायचं.

वेळ फार जात नाही. रोज सात-आठ मिनिटं, आणि शनिवारच्या सकाळच्या शाळेत अर्धा तास. एका खोक्यात शब्दांच्या चिठ्ठ्या असतात. जो चुकला तो उद्या परत, जो आला तो शनिवारी, तेव्हाही आला तर महिन्याने. कापूस वेचणीच्या दिवसांत निम्मा वर्ग वावरात असतो, तेव्हा हे खोकं फार कामी येतं. परत आलेलं मूल कुठे राहिलं ते चिठ्ठ्याच सांगतात.

आणि दिवाळीनंतर कोडी मुलांनाच करायला लावा. सगळ्यात जास्त उजळणी इथेच होते, कारण सूत्र लिहायला अर्थ नीट कळावा लागतो. वेचणीमुळे पंधरा दिवस गैरहजर असलेल्या एका मुलाला ‘ओलावा’ हा शब्द आला होता. त्याने लिहिलं : “मातीत बोट खुपसलं का नखाले लागते, पण पाणी नाही.” मी ते एका अक्षराचाही बदल न करता फळ्यावर उतरवलं.

अशी कोडी मी एका जाड वहीत चिकटवून ठेवते, कोपऱ्यात करणाऱ्याचं नाव. परीक्षेच्या आधी नवं काही देत नाही, ती वही काढते. यंदाच्या सातवीतली मुलं आधी कोपरा बघतात, दादाचं किंवा ताईचं नाव सापडलं की तेच कोडं पहिल्यांदा सोडवायला घेतात.