मसाल्याची कृती जपायची तर आधी एवढं करा

ताई, कांदा-लसूण मसाल्याचं काम सुरू करताय, छान वाटलं! पेटंटच्या मागे आत्ता लागू नका. नुसत्या मिश्रणाला ते सहसा मिळत नाही, आणि अर्ज केला की कृती जगजाहीर होते.

खरी गळती डंकावर, म्हणजे मसाला कुटून देणाऱ्या गिरणीत होते. मी पहिल्या वर्षी सगळा माल वजनाच्या चिठ्ठीसकट डंकावर दिला. दिवाळीपर्यंत शेजारच्या गल्लीत तोच वास! तेव्हापासून धणे, खोबरं, तीळ, खडा मसाला घरीच भाजते, मिसळते आणि '१', '२' असे आकडे टाकून पिशव्या नेते. मिरची तेवढी उघडी. संकेश्वरी किती, ब्याडगी किती, हे घरात दोघांनाच ठाऊक. मदतनीस बायकांशी गुप्ततेचा साधा लेखी करार करा. त्यांना वाईट वाटत नाही, नीट समजावलं की झालं.

आणि हो:
- नावाचा ट्रेडमार्क लगेच करा, वर्ग ३० मध्ये (मसाले त्यात येतात). तो १० वर्षं चालतो, पुढे नूतनीकरण होतं. नुसतं 'कोल्हापुरी' नाव मात्र तुमच्या एकटीचं होणार नाही.
- लेबलवर घटक उतरत्या क्रमाने द्यावेच लागतात. प्रमाण हौसेनं छापू नका.

बाकी वकिली बारकावे धंदा वर्षभर चालल्यावर बघू. आधी नाव ठरवा.