आमच्या छोट्या संस्थेच्या वेबसाईटसाठी कुठलं होस्टिंग घ्यावं?

पहिलं सांगतो, होस्टिंगच्या (म्हणजे साईट ठेवायच्या सर्व्हरवरच्या जागेच्या) आधी डोमेन, म्हणजे साईटचा पत्ता, कुणाच्या नावावर आहे ते बघा. आमच्या संस्थेचं एका कार्यकर्त्याच्या पर्सनल मेलवर होतं, पोरगा नोकरीला बेंगळुरूला गेला, रिन्यूअलचे मेल त्याच्या जुन्या इनबॉक्सात पडून राहिले आणि ऐन मार्चमध्ये, जेव्हा देणगीदार ८०जीच्या (करसवलतीच्या) पावत्या मागत असतात तेव्हाच साईट बंद. त्यामुळे डोमेन संस्थेच्या मेलवर, आणि पासवर्ड किमान दोन विश्वस्तांकडे.

आता होस्टिंग. दोन-चार पानं, फोटो आणि संपर्क एवढंच असेल तर पैसे घालवूच नका, गिटहब पेजेस या साध्या साईट ठेवायच्या सेवेवर फुकट चालतं (साईट १ जीबीच्या आत ठेवा), फक्त अपडेट करायला थोडं टेक्निकल येणारं कुणीतरी लागतं. ते नसेल तर वर्डप्रेसवालं (कोड न लिहिता साईट बनवता येते ते) साधं शेअर्ड होस्टिंग घ्या, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साईट असतात ते. पण पहिल्या वर्षाच्या किमतीला भुलू नका, दुसऱ्या वर्षीचा रिन्यूअल रेट आणि त्यावरचा १८% जीएसटी धरूनच कमिटीपुढे आकडा ठेवा. बॅकअप रोज होतो का आणि गरज पडली तर तो बॅकअप साईटवर परत टाकून द्यायचे वेगळे पैसे घेतात का हे विचाराच. एसएसएलचे (साईटला https चं सुरक्षित कुलूप देणाऱ्या सर्टिफिकेटचे) वेगळे पैसे मागत असतील तर सरळ दुसरीकडे जा, लेट्स एन्क्रिप्टचं फुकट मिळतं.

ड्रीमहोस्ट या होस्टिंग कंपनीचं फुकट होस्टिंग अमेरिकेतल्या ५०१(सी)(३), म्हणजे तिथल्या कायद्याने करमुक्त धर्मादाय, संस्थांसाठी आहे, आपल्या ट्रस्टला नाही मिळत. मेलसाठी मात्र गुगल फॉर नॉनप्रॉफिट्सला अर्ज करा, ते भारतातही चालतं.