महाकाय भोपळा जास्तीत जास्त किती मोठा होऊ शकतो? त्याला काही अंतिम मर्यादा आहे का?

आधी माझा अंदाज सांगून टाकतो: आजच्याच पद्धतींनी दीड टनापर्यंत मजल जाईल, पण दोन टनांवर मी पैज लावणार नाही.

सध्याचा विश्वविक्रम १,२७८.८ किलोचा आहे. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडच्या स्टुअर्ट आणि इयान पॅटन या जुळ्या भावांनी तो केला. मात्र मर्यादेचा अंदाज घ्यायचा तर मागचे आकडे बघायला हवेत. कॅनडाच्या विल्यम वॉर्नॉक यांनी १९०३ मध्ये जेमतेम १८३ किलोचा भोपळा काढला आणि तो विक्रम १९७६ पर्यंत कोणाला मोडता आला नाही! मग कॅनडातल्याच हॉवर्ड डिल यांनी निवड करत करत 'अटलांटिक जायंट' हे वाण तयार केलं. आजचे सगळे राक्षसी भोपळे त्याच घराण्यातले. २०१२ मध्ये ९११ किलो, २०१६ मध्ये बेल्जियमच्या एका शेतकऱ्याचा १,१९० किलो. म्हणजे चार वर्षांत पावणेतीनशे किलोंची उडी. पुढच्या नऊ वर्षांत मात्र नव्वद किलोसुद्धा वाढले नाहीत. माझा अंदाज मुख्यतः या मंदावलेल्या वेगावर बेतलेला आहे.

आता वेग का मंदावला? भोपळा ऐन भरात असतो तेव्हा दिवसाला २० ते २५ किलोंनी वाढतो, म्हणजे तासाला साधारण एक किलो. हे सगळं पाणी आणि साखर एका देठातून आत जायचं असतं. हार्वर्डशी संबंधित संशोधकांनी २०१५ मध्ये महाकाय आणि साध्या जातींची तुलना प्रसिद्ध केली. महाकाय जातीची पानं जास्त कार्यक्षम असतील असं कोणालाही वाटेल, पण फरक सापडला तो रसवाहिन्यांमध्ये. पानांत तयार झालेली साखर फळापर्यंत नेणाऱ्या या ऊती महाकाय जातीत कितीतरी जास्त असतात. डिल यांच्यासारख्यांनी वजन बघून बियाणं निवडलं आणि नकळत वाहतुकीची व्यवस्था रुंद होत गेली. ती आणखी रुंद करता येईल, त्यामुळे इथे थोडी जागा शिल्लक आहे असं मला वाटतं.

शेतकऱ्याच्या हातातले उपाय मात्र बहुतेक वापरून झालेत. मादी फुलाचं हाताने परागीभवन करायचं, वेलीवर एकच फळ ठेवून बाकीची खुडायची, पेरं मातीत दाबून तिथेही मुळं फुटू द्यायची, फळावर सावली धरायची. परागीभवनानंतर शंभर-एक दिवसांत खेळ संपतो, आणि शेवटच्या आठवड्यांत वाढ अगदी किरकोळ असते. हंगाम नुसता लांबवून काही टन पदरात पडणार नाहीत.

खरी अडचण आहे ती तडकण्याची. आकार तोच ठेवून फळ लांबी-रुंदी-उंचीला दुप्पट केलं तर वजन आठपट होतं, पण ते पेलणाऱ्या भिंतीचं क्षेत्रफळ चौपटच वाढतं. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवरचा ताण दुप्पट. म्हणूनच हे भोपळे गोल राहत नाहीत, स्वतःच्याच वजनाने बसतात आणि पसरतात. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठातल्या डेव्हिड हू आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये या पसरण्याचं गणित मांडलं. वाढत्या फळाची जिवंत भिंत ताणानुसार आकार बदलत राहते, त्यामुळे ते लगेच फुटत नाही. दगडविटांच्या हिशोबाने याची मर्यादा काढली तर ती खूपच कमी येईल. पण वाढ फार झपाट्याने झाली, किंवा कोरड्यानंतर एकदम भरपूर पाणी मिळालं, की भिंत मागे पडते आणि देठाजवळ किंवा खालून चीर जाते. दोन टनांसाठी रोजची वाढ आणखी वाढवावी लागेल, आणि नेमकी तीच फळाला फोडते. (चवीची अपेक्षा ठेवू नका. गर पाणचट असतो.)

आणि एक नियम लक्षात घ्या. चीर आतल्या पोकळीपर्यंत गेली की ते फळ स्पर्धेतून बाद होतं, मग वजन काहीही असो. त्यामुळे विक्रमांच्या यादीत फक्त काट्यापर्यंत धड पोचलेलेच भोपळे आहेत. जास्त वाढून आदल्या आठवड्यात शेतातच फुटलेले तिथे दिसणार नाहीत.