अब्दाली 'गिलचा' होता का?

पानिपतच्या बखरींत अब्दालीच्या लोकांना सारखं 'गिलचे' म्हटलंय ती शिवी आहे की जातीचं नाव, असा प्रश्न आलाय. तर नावच आहे, पण भलत्यालाच चिकटलेलं. गिलचे म्हणजे गिलजी किंवा घिलझई, पश्तुनांची, म्हणजे पठाणांची, एक मोठी टोळी, कंदाहार ते गझनी आणि त्याच्या पूर्वेला पसरलेली. अहमदशहा त्यांच्यातला नाही, तो अब्दाली टोळीतला, त्यात पोपलझई शाखेतला, त्यातही सदोझई कुळातला, आणि ह्या दोन टोळ्यांचं आपसात कायम वाकडं.

खरं तर आधी दबदबा गिलजींचाच होता. १७०९ साली त्यांच्यातल्या होतक घराण्याच्या मीरवैसने कंदाहारचा इराणी सुभेदार गुर्गीन खान मारला, आणि १७२२ ला मीरवैसच्या पोराने, महमूदने, थेट इराणची राजधानी इस्फहान घेऊन तिथली सफवी बादशाही मोडीत काढली. पुढे इराणच्या नादिरशहाने १७३८ ला कंदाहार जिंकलं, होतकांना हुसकावलं आणि तिथल्या जमिनी अब्दालींना दिल्या. १७४७ ला नादिरशहाचा खून झाल्यावर अहमदशहा तिथेच गादीवर बसला नि टोळीचं नावच बदलून दुर्रानी केलं! म्हणजे त्याला गिलचा म्हणणं त्याच्या तोंडावर कुणाला परवडलं नसतं. आपल्याकडे इस्फहानवाल्यांचा बोलबाला आधी पोचला असावा आणि मग सरसकट अफगाण ते गिलचे झाले, असं मला वाटतं.

टोळ्यांच्या नावांत येणारे झई आणि खेल म्हणजे काय, हे पण विचारलंय. 'झई' म्हणजे अमक्याचे वंशज, 'खेल' म्हणजे कूळ किंवा भावकी. गिलजींत होतक, तोखी, सुलेमानखेल, खरोटी, अहमदझई अशा शाखा, प्रत्येकीत पोटशाखा, आणि सगळं बापाकडून मोजायचं. गंमत म्हणजे त्यांच्याच दंतकथेत अख्ख्या गिलजींचं मूळ एका बाईकडे, बीबी मतोकडे जातं. बरेच गिलजी फिरस्ते, उंट घेऊन हिवाळ्यात सिंधूकडे उतरणारे व्यापारी, त्यांना पोविंदे म्हणत. वरून हुकूम सोडणारा राजा त्यांना फारसा मानवला नाही, भांडण जिरग्यात, म्हणजे जमातीच्या पंचायतीत, बसून मिटवायचं, आणि भांडण बहुतेक चुलत भावाशीच. चुलत भावाला पश्तोत 'तर्बूर' म्हणतात आणि त्याच शब्दात वैरी हा अर्थही येतो. तर्बूरवली म्हणजे चक्क आपली भाऊबंदकी.

आणि १२९६ ला देवगिरी लुटणारा अलाउद्दीन खिलजी? तो ज्या खलज तुर्कांतला, तेच अफगाण डोंगरात राहून हळूहळू पश्तून झाले आणि त्यांचे पुढे गिलजी झाले, असं बऱ्याच इतिहासकारांचं मत आहे.