डोळ्यात चिखल उडाला, दोष कोशाच्या किड्याला?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, आम्ही आरमोरी तालुक्यातले. भाताच्या रोवणीच्या वेळी बांधीतला चिखल माझ्या डोळ्यात उडाला, आठ दिवसांनी डोळा लालभडक, पाणी येते, उजेडाकडे पाहवत नाही. मेडिकलमधून ड्रॉप आणला, दोन दिवस बरं वाटलं मग पुन्हा तेच. शेवटी नागपूरला दाखवलं तर मायक्रोस्पोरिडिया सांगितलं, बुरशीचा प्रकार म्हणे. आमच्या घरी ऐनाच्या झाडावर कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे किडे पाळतात, त्यांना पेब्रीन रोग होतो तो पण ह्याच्यानंच होते असं दीर म्हणते. मंग मला किड्यापासून लागलं का जी?

उत्तर: ताई, दीर अर्धे बरोबर आहेत. खानदान एकच, पण जात वेगळी, किड्यांचा पेब्रीन माणसाला होत नाही, तेव्हा किडे बिनधास्त पाळा. तुमच्या डोळ्यातला जंतू बहुतेक चिखलपाण्यातूनच आला, पावसाळ्यात अशा केसेस वाढतातच. एकाच पेशीचा जीव, आधी ह्याला प्रोटोझोआत धरायचे, आता बुरशीच्या गोतात घेतात. त्याच्या बीजाणूत एक बारीक नळी गुंडाळलेली असते, ती सटकन बाहेर फेकून तो आपल्या पेशीत घुसतो, म्हणजे इंजेक्शनच समजा!

पेब्रीनवर फ्रान्समध्ये लुई पाश्चरनं 1865 पासून पाचेक वर्षं डोकं घातलं होतं. त्याची युक्ती साधी, अंडी घातलेली मादी कुटून मायक्रोस्कोपखाली बघायची, रोग दिसला की तिची अंडी फेकायची. अंडीपुंज, म्हणजे पाळायला द्यायची किड्यांची अंडी, तयार करताना आजही हेच करतात, दिरांना विचारा. तुमच्या बुबुळाचा वरचा थर हलका खरवडून बघतात तेही तसंच, नुसत्या लाल डोळ्यावरून साथीचे डोळे आले की हे, ते कळत नाही.

आता त्या ड्रॉपचं. बाटलीवर डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलंय का बघा, ते स्टेरॉइड, लाली उतरते म्हणून बरं वाटतं पण जंतू तिथंच राहतो आणि दुखणं लांबतं. डॉक्टर कधी देतातही, पण तपासून. मला राग येतो तो ह्या न विचारता दिलेल्या बाटल्यांचा. एरवी हा आजार पुष्कळदा दोनतीन आठवड्यांत आपसूक बसतो, तरी नागपूरच्या डॉक्टरांनी बोलावलंय त्या तारखेला जाच, आणि नजर धूसर झाली तर तारखेची वाट बघू नका.

पोटात जाणारे ह्याचे भाऊबंद वेगळे, एचआयव्ही किंवा किडनी बदललेल्या पेशंटला ते महिनोन् महिने जुलाब लावतात, त्यांनी पाणी उकळूनच प्यावं. तुम्ही पुढच्या रोवणीला साधा चष्मा लावा, आणि चिखल उडालाच तर पदरानं चोळू नका, बोडीच्या (लहान तळ्याच्या) पाण्यानं तर नाहीच, घरून नेलेल्या स्वच्छ पाण्यानं धुवा.