चराऊ गवतात फोकलेला स्टायलो उगवतो, पण टिकत का नाही?

मुरमाड उतारावरील गवताळ रानात सलग दोन पावसाळे स्टायलो या द्विदल चारापिकाचे बी फोकले, ते उगवलेही, पण श्रावण सरताना रोपे दिसेनाशी झाली, असे आपण लिहिले आहे आणि बियाण्यावर संशय घेतला आहे. उगवण झाली असेल तर बियाण्याला दोष देता येत नाही.

पवन्या, मारवेल, डोंगरी ही बहुवर्षायू गवते जुन्या मुळांच्या बळावर पहिल्या पावसासरशी फुटतात, तर स्टायलोचे रोप सुरुवातीचे काही आठवडे फार सावकाश वाढते. अशा वेळी पावसाने आठ-दहा दिवस उघडीप दिली, की वरच्या थरातील ओल गवत शोषून घेते आणि बोटभर मुळाचे रोप वाळते. म्हणून मे महिन्यात रान जनावरांकडून अगदी खुरटे चरवून घ्यावे, गवताच्या ठोंबांमधून अरुंद पट्टे उकरावेत आणि पाऊस स्थिरावल्यावर त्यांतच बी टाकावे. ते १ सेंमीपेक्षा खोल जाऊ देऊ नये. बियांचे कवच टणक असल्याने त्या आधी सुमारे ८० अंश सेल्सिअसच्या पाण्यात चार-पाच मिनिटे ठेवून सावलीत सुकवाव्यात. पट्ट्यांत सुपर फॉस्फेट द्यावे; युरिया मुळीच देऊ नये, कारण त्याने गवतच बळावते.

यापुढे अनेक जण पावसाळाभर कडक चराईबंदी पाळतात, आणि मला तीच सर्वांत घातक वाटते, कारण गवत कमरेएवढे वाढून रोपे सावलीत गुदमरतात. पहिले सहा ते आठ आठवडे जनावरे जरूर बाहेर ठेवावीत, पण गवत गुडघ्याला लागले की रोपांच्या शेंड्यांवरून विळ्याने कापून न्यावे. रोपे हाताने ओढून उपटेनाशी झाली, की गाई-बैल थोडे दिवस सोडावेत. गवत कोवळे असेपर्यंत ते स्टायलोपेक्षा गवतच अधिक आवडीने खातात. जमीन ओलीचिंब असताना मात्र सोडू नयेत, आणि निवडून शेंडे खुडणाऱ्या शेळ्या तर या वर्षी नकोतच.

स्टायलोच्या हमाटा जातीचे झाड अल्पायुषी असते, त्यामुळे पुढील वर्षांची रोपे पहिल्या वर्षी गळलेल्या बियांवरच अवलंबून असतात. पाऊस सरताना रान पुन्हा बंद करून बी गळेपर्यंत, म्हणजे साधारण डिसेंबरपर्यंत, ते तसेच राखावे. रानाचा एखादा भाग भारी काळ्या जमिनीचा असेल, तर तिथे पाणी साचून स्टायलो तग धरत नाही. त्या भागात गोकर्णी लावावी.